जनकाबाईचे वळसे

डोंगरकड्यात एखाद्या घरी लेकरू रडायचं थांबेना झालं, की घरातली म्हातारी म्हणायची, "अरे, बघत काय बसलात? बोलवा तिला." तिला म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज पडत नसे. दहा मिनिटांत जनकाबाई पदर खोचून दारात हजर व्हायची आणि दारातूनच सुरू करायची, "अगं, दाबून धरलंस काहून त्याला? गाठोडं हाय का ते? आन इकडं!"

बाई सत्तरीला टेकलेली. उंचीनं बेताची, हाडानं काटक आणि जिभेनं बाभळीचा काटा. बाळंतिणीला शेक द्यायचा, लेकराला न्हाऊ घालायचं, टाळूवर तेल जिरवायचं आणि घुटी उगाळायची, हे तिचं चाळीस वर्षांचं काम. यात तिनं जात पाहिली नाही, आणि लेकरू रडायला लागल्यावर गावानंही तिची पाहिली नाही. एरवी पाहायचे, ते जाऊ द्या.

तिची घुटी म्हणजे एका जुनाट फडक्यात बांधलेली सात-आठ वाळकी मुळं-फळं. हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा, वेखंड, सुंठ, जायफळ. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब टाकायचे आणि त्यात एकेक वस्तू गोल फिरवायची. एकदा गोल फिरली की एक वळसा. हेच तिचं माप. चमचा नाही, वजन नाही. "हिरड्याचे तीन, मुरडशेंगेचे दोन," असं ती बोलायची आणि समोरची बाई मुंडी हलवायची. जायफळाच्या बाबतीत मात्र ती फार कडक. "जितक्या महिन्याचं लेकरू तितके वळसे, अन् एका डावाला दोनाच्या वर जायचं न्हाई. जायफळ जास्ती झालं की लेकरू निजत न्हाई, निपचित पडतं," हे ती दर बाळंतिणीला बजावून सांगायची. तिची सहाण सासूकडून आलेली, सासूला तिच्या सासूकडून. पिढ्यांच्या उगाळण्यानं मधोमध बशीसारखी खोल झालेली आणि इतकी गुळगुळीत, की जायफळ फिरवलं तर दुधाला नुसता रंग चढायचा.

गावातली आशाताई निलम तिच्यावर कायम चिडलेली. "आजी, सहा महिने आईच्या दुधाबिगर थेंब द्यायचा न्हाई. पानीबी न्हाई, घुटीबी न्हाई. किती डाव सांगू?"

"तुझ्या आईला इचार, तुला घुटी कोनी पाजली ते," जनकाबाईचं उत्तर ठरलेलं. "पाजली म्हनून तर एवढी चुरूचुरू बोलून राहिलीस."

बाया फिदीफिदी हसायच्या, निलम रजिस्टर मिटून पुढच्या घराला लागायची. चार दिवसांनी पुन्हा तेच.

मग मोबाईल आला आणि जनकाबाईचा पसारा वाढला. तिनं न्हाऊ घातलेल्या पोरी लग्न होऊन कुणी हट्ट्याला, कुणी पुसेगावला, कुणी हिंगोलीत गेल्या. त्यांना लेकरं झाली की तिकडून फोन. "आजी, पोट दुखून राहिलं त्याचं. मुरडशेंगेचे किती?" जनकाबाई बटनाचा फोन कानाला लावून बसल्या जागी आकडा सांगायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडा कधी चुकला नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि, खोटं कशाला बोला, थोडी घमेंडही होती.

या सगळ्या पोरींत दीक्षा तिच्या काळजाचा तुकडा. मुलाची मुलगी. सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून आजीच्याच पदराखाली वाढली. पहिलं बाळंतपण आजीपाशीच झालं, मुलगी झाली, नाव संबोधी ठेवलं. जनकाबाईच्या जिभेवर ते 'संबू' होऊन बसलं. दोन महिने भरले आणि दीक्षाचा नवरा भीमराज येऊन मायलेकींना हिंगोलीला घेऊन गेला. तो एका कुरिअरच्या ऑफिसात कामाला. भाड्याची एक खोली, वर घरमालक.

तिकडं गेल्यावर आठवडा-दीड आठवड्यात संबूनं सूर लावला. दिवस कलायला लागला की मूठ आवळून, पाय पोटाशी घेऊन अशी रडायची, की घरमालकीण जिन्यातून वाकून बघायची. मंगळवारी संध्याकाळी दीक्षाचा फोन आला, तर पलीकडं लेकीचं रडणं आणि आईचंही.

"आजी, दोन दिस झाले, मी निजलेच न्हाई. काय करू?"

"रडू नको आधी. दूध पिऊन राहिली का? ताप? शी कशी व्हती?" सगळं विचारून झालं. "मंग पोटात वारं धरलंय तिनं. जायफळाचे दोन वळसे दे. दोनच. अन् न्हाईच निजली तर सकाळच्याला अजून दोन. कळलं?"

"दोन. अन् सकाळी दोन."

"बराबर. जीव नको जाळू. निजल माझी संबू."

आणि निजली की! संध्याकाळी निजली, मधे एकदा दूध पिऊन पुन्हा निजली. पहाटे थोडी किरकिर केली, तर दीक्षानं आजीच्या हुकमाप्रमाणं आणखी दोन वळसे दिले. घरात किती दिवसांनी शांतता झाली. दीक्षाही आडवी झाली.

बुधवारी अकराच्या सुमाराला भीमराजचा फोन आला. "आजी, संबू उठून न्हाई राहिली."

"म्हंजे?"

"म्हंजे, उठूनच न्हाई राहिली, आजी. दूध घेऊन न्हाई राहिली. हलवली, पानी लावलं तोंडाला. दवाखान्यात आणलीय. तुमी या."

जनकाबाई तव्यावरची भाकर तव्यावर सोडून निघाली. फाट्यावर एसटीची वाट बघण्याइतका धीर कुणाला होता? हात दाखवून पहिलीच काळीपिवळी थांबवली आणि चौघींच्या बाकावर पाचवी जाऊन बसली. बाळापूर आलं, कळमनुरी आली. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर गाडी उभी करून "हिंगोली, हिंगोली" ओरडत होता आणि जनकाबाईला वाटत होतं, उतरावं आणि पळत सुटावं. मनात एकच घोकणी चालली होती: ताप नव्हता म्हणाली, शी बरी होती म्हणाली. मग झालं काय? दृष्ट लागली म्हणावं, तर ती असल्या गोष्टी मानत नव्हती. पडली असंल का पोरगी? पाडली असंल का? जायफळाचा विचार तिच्या मनात आलाच नाही, असं म्हणता येणार नाही. आला, आणि तिनं तो हाकलून लावला. दोन वळशांनी कधी कुणाचं लेकरू निपचित पडलंय का? चाळीस वर्षांत एकसुद्धा नाही.

लेकरांचा दवाखाना बाजारापासून थोडा आत होता. वरच्या मजल्यावर काचेच्या दाराच्या खोलीत संबू निजलेली. एवढासा हात, त्याला पट्टी, पट्टीतून नळी. छातीला तारा लावलेल्या, शेजारी एका पडद्यावर आकडे खालीवर होत होते. दीक्षा भिंतीला टेकून उभी. तिचे डोळे सुजले होते, आणि आजीला बघितल्यावर ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

जनकाबाईनं हात धुतले आणि वाकून आधी टाळूला बोट लावलं. टाळू फुगली नव्हती. अंग गार नव्हतं, गरम नव्हतं. तळपायाला टिचकी मारली. पाय थोडासा ओढला गेला, पण डोळे काही उघडले नाहीत. चाळीस वर्षांत शेकड्यानं लेकरं या हाताखालून गेली, पण इतकं गप्प लेकरू तिनं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरीण बाई आत आल्या. वयानं तरुण, लातूरकडच्या, बोलणं तुटक पण माणूस बरं. हातात कागद होता. भीमराजकडे वळून त्या म्हणाल्या, "हे बघा. ताप नाही, डोक्याला मार नाही, झटके नाहीत. वरचंही काही दिलं नाही म्हणता, औषधही नाही. मग मेंदूला सूज आहे का ते बघायला पाहिजे. पाठीच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढून तपासावं लागेल. इथं सही करा."

पाठीतून पाणी. एवढ्याशा पाठीतून.

आता इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर ही कहाणी खोटी होईल. जनकाबाई गप्प बसली. डॉक्टरीण बाईंनी 'औषधही नाही' म्हटलं तेव्हा तिच्या ओठांवर 'घुटी' हा शब्द आला होता, आणि तिनं तो गिळला. दोन वळशांनी काय होतंय, हे एक. आणि दुसरं असं, की सांगितलं तर सांजेच्या आत गावात होणार: जनकाबाईच्या घुटीनं तिच्याच नातीचं लेकरू बेशुद्ध पडलं. निलम काय म्हणेल? ज्या घरांतून तिला मानानं बोलावणं येतं, तिथल्या बाया काय म्हणतील? माणूस म्हटलं की हे येतंच. संबूच्या पाठीत सुई जायची वेळ आली, तरी म्हातारी आपलं नाव सांभाळत उभी होती.

भीमराजनं कागद गुडघ्यावर ठेवला. पेन चालेना, त्यानं तळहातावर घासलं. तेवढ्या वेळात जनकाबाईनं दीक्षाचा दंड धरला आणि तिला दाराबाहेर ओढलं.

"खरं सांग. किती वळसे दिले?"

"दोनच गं आजी."

"मोजून?"

"तुझी आन. रातच्याला दोन, सकाळी दोन. मी काय येडी हाय का?"

जनकाबाईनं सुस्कारा सोडला. म्हणजे घुटी नव्हे. आणि सुटकेच्या त्याच श्वासात, नुसतं विचारायचं म्हणून, तिनं विचारलं, "अन् उगाळलं कशावर? सहाण तर माझ्यापाशी हाय."

"नवी घेतली की, बाजारातून. हे घेऊन आले. चांगली जड हाय, आजी. तुझ्या सहाणेवर नुसतं घसरतं, हिच्यावर लगेच गंध येतं बघ. दाट."

जनकाबाईच्या डोळ्यांपुढं पाटा आला. घरातला पाटा झिजला, मिरची वाटली जाईना, की पाथरवट यायचा, छिन्नीनं टाकी लावून द्यायचा. टाकी लावलेल्या पाट्यावर पहिल्या दिवशी चार हातांत चटणी मेण व्हायची. तीच चटणी आदल्या दिवशी खांदे दुखेस्तोवर वाटून जाडीभरडी राहायची. हे तिला माहीत होतं. प्रत्येक बाईला माहीत असतं. दगड नवा असला की खातो, एवढी साधी गोष्ट. पण उभ्या जन्मात तिनं नव्या सहाणेवर घुटी उगाळली नव्हती. तिच्या हातात आली तेव्हाच ती सहाण म्हातारी झालेली होती. आणि फोनवर ती नुसते वळसे सांगत राहिली. दगडाचं नाव तिनं कधी काढलंच नाही.

"आगं माय माय माय," एवढंच ती म्हणाली आणि आत धावली.

"थांब! सही करू नको!" तिनं भीमराजच्या हातातला कागद ओढला, तो मधोमध फाटला. "मॅडम, घुटी दिलीय तिला. जायफळाची. दोनदा. म्या सांगितली फोनवर. म्या."

डॉक्टरीण बाईंचा आवाज चढला. "अहो, आल्या आल्या विचारलं ना मी? वरचं काही दिलं का म्हणून? दोनदा विचारलं!"

"वरचं?" दीक्षा गोंधळून म्हणाली. "वरचं म्हंजे वरचं दूध ना, मॅडम? गायीचं, डब्याचं? ते न्हाई दिलं. घुटी वरची व्हय?"

"आणि औषध?"

"घुटी औषध व्हय?"

पोरगी खोटं बोलत नव्हती हो. तिच्या लेखी वरचं म्हणजे वरचं दूध, औषध म्हणजे दुकानातली बाटली, आणि घुटी म्हणजे घुटी. डॉक्टरीण बाईंनी कपाळावरून हात फिरवला. "नाव घेऊन विचारायला पाहिजे होतं मी," त्या हळूच म्हणाल्या. मग लगेच वळून नर्सला भराभरा काहीतरी सांगितलं, पडद्यावरचे आकडे पाहिले, आणि जनकाबाईला म्हणाल्या, "किती दिलं, आजी? अंदाज नको. नीट सांगा."

नीट कसं सांगणार? वळसा म्हणजे किती, हे डॉक्टरला कुठल्या भाषेत सांगावं? जनकाबाईनं भीमराजला घरी पिटाळलं. तो गाडी दामटत गेला आणि पंधरा मिनिटांत सहाण आणि जायफळ घेऊन परत आला. सहाण करकरीत, अंगावर अजून छिन्नीचे ओरखडे. जायफळाची एक बाजू चाकूनं कापल्यासारखी सपाट झालेली. जनकाबाईनं जमिनीवर बसकण मारली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि डॉक्टरीण बाईंच्या डोळ्यांदेखत दोन वळसे फिरवले. खर्र, खर्र. दगडावर तपकिरी लगदा चढला. बोटानं निपटून काढला तर बोटाचं अख्खं पेर भरलं.

"माझ्या दगडावर एवढं निघायला सांज व्हती, मॅडम," ती म्हणाली. "अन् हे दोनदा गेलं तिच्या पोटात."

डॉक्टरीण बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं, असं जनकाबाईला वाटलं. त्या म्हणाल्या, "सुई आत्ता नको. थांबू या. पण आजी, जायफळ एवढ्या लेकराला सोसत नाही. जास्त झालं की सुस्ती येते, ठोके वाढतात, कधी श्वासही मंद होतो. त्याला उतारा नाही. अंगातून उतरेपर्यंत श्वासावर लक्ष ठेवायचं, साखरेचं पाणी नळीतून द्यायचं. एवढंच आपल्या हातात आहे."

"उतरतं ना पन?"

"बहुतेक वेळा उतरतं."

बहुतेक वेळा. हे दोन शब्द घेऊन जनकाबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसली. दोन वाजले, तीन वाजले. दीक्षा दुधानं भरून आली होती, अंगावरचं झंपर भिजलं होतं, आणि पाजायला लेकरू उठत नव्हतं. ती आजीला एका शब्दानं बोलली नाही. ते न बोलणंच म्हातारीला खाऊन राहिलं. "बोल गं काईतरी. शिव्या तरी दे," असं एकदा ती म्हणाली, तर दीक्षा नुसती म्हणाली, "तू तरी काय करशील, आजी?" आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

जनकाबाई संबूच्या पोटाकडे बघत होती. पोट वर, पोट खाली. मधेच ते थांबल्यासारखं व्हायचं आणि ही वाकून नाकापाशी बोट धरायची. एकदा पडदा टीं टीं वाजायला लागला तेव्हा ती अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. नर्सनं येऊन तार नीट चिकटवली. "तार निघाली होती, आजी. काही नाही." काही नाही म्हणे!

साडेचारच्या पुढं संबूनं तोंड वाकडं केलं. मग जांभई दिली. मग मूठ उघडली, मिटली, आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढला. दीक्षानं झडप घालून तिला छातीशी घेतली. चार घोट प्याली, पुन्हा पेंगली. पुन्हा चार घोट. जनकाबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हमसून हमसून रडली. आवाज दाबायचं भानही तिला राहिलं नाही.

डॉक्टरीण बाईंनी तपासलं. "धोका टळला असं आज म्हणणार नाही. उद्या सकाळी म्हणेन. रात्रभर इथंच." जाता जाता त्या दारात थांबल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आजी, तुम्ही अशा किती जणींना सांगता? फोनवर?"

जनकाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

किती जणींना? गेल्या पंधरा दिवसांतच किती फोन आले होते? पोटदुखीचे, वाऱ्याचे, किरकिरीचे. कुणाला मुरडशेंग, कुणाला हिरडा. आणि जायफळ? जायफळ कुणाकुणाला? आणि त्यांच्या घरी दगड कोणता?

"भीमराज," ती बाहेर येत म्हणाली, "माझा फोन घे. कोनाकोनाचे फोन आले ते बघ, अन् एकेकीला लाव. लाव लवकर."

पहिला फोन हट्ट्याच्या पुजाला लागला. तिच्याकडं सासूची जुनी सहाण. लेकरू पलीकडं दणक्यात रडत होतं. "बंद कर घुटी," जनकाबाई म्हणाली. "आजपासून थेंब न्हाई. तुझं दूध, बस." पुजाला काही कळेना. "आजी, तुमीच तर सांगितलं..." "मीच सांगितलं अन् मीच मोडून राहिले. डॉक्टर सांगल ते कर." दुसरा फोन पुसेगावच्या प्रियंकाला. ती म्हणाली, "वळसे कोन मोजत बसतं, आजी? मी समदं मिक्सरमधून काढून ठेवलंय. चमच्यानं देते." पोरगं बरं होतं, रांगत होतं, आठ महिन्यांचं होतं, पण चमच्यानं! "फेकून दे ती भुकटी. आत्ता फेक, मी ऐकून राहिले." पलीकडं डब्याचं झाकण वाजलं, मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला.

तिसरा फोन कळमनुरीला दिलेल्या पुनमला. तिचा मुलगा रुद्र, दीड महिन्याचा. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. भीमराजनं पुन्हा लावला. शेवटी पुनमचा आवाज आला, दबका, खुशीतला.

"आजी! तुमालाच लावनार व्हते बघा. काय यश हाय तुमच्या हाताला! काल सांगितलं तसं जायफळ दिलं, अन् लेकरू काय निजलंय म्हनता! सकाळपासून एकदा रडलं न्हाई."

"दगड कोनचा हाय, पुनम?"

"काय?"

"सहाण! जुनी का नवी?"

"नवीच की. परवाच्या बाजारातून आनली. काहून?"

"उठीव त्याला."

"आजी, आत्ताच कुठं घरात निवांत..."

"पुनम, माजं ऐक. फोन ठेवू नको. त्याला उचल अन् पायाला टिचकी मार. जोरात."

पाळण्याची कडी वाजली. "रुद्र, ए रुद्र. ए बाळा." हाक एकदा आली, दोनदा आली, मग आवाज चढला. भीमराज फोनकडे बघत होता, आत दीक्षा संबूला पाजता पाजता दाराकडे बघत होती.

"आजी, पाय हलवतंय. डोळे उघडून न्हाई राहिलं. आजी, काय झालं याला?"

"रडू नको. ऐक नीट. पदरात घे अन् असाच्या असा दवाखान्यात ने. गावातच हाय न्हवं सरकारी? कोनाला इचारत बसू नको, सासू आडवी आली तरी थांबू नको. जायफळ अन् ती सहाण संगं घे. अन् डॉक्टर वरचं दिलं का, औषध दिलं का, काय बी इचारू दे, तू पहिलं सांग, घुटी दिली, जायफळाची."

"डॉक्टर रागं भरतील, आजी. घरचे म्हनतील, कोनी सांगितलं व्हतं तुला असलं द्यायला?"

"माजं नाव सांग," जनकाबाई म्हणाली. "डोंगरकड्याच्या जनकाबाईनं सांगितलं, म्हनावं. कोनालाबी सांग, समद्यांना सांग. पळ आता."